आमचे खुराडे

डोंबिवलीची आमची जागा पाहायला सासरची मंडळी प्रथम आली, तेव्हा मामंजींनी दारातच उभे राहून एकदा डावीकडे पाहिले, एकदा उजवीकडे पाहिले आणि म्हणाले, "खुराडेच की हो हे!" दोन खोल्या, एक मोरी आणि हातभर गॅलरी. त्या खुराड्यात मी एकतीस वर्षे संसार केला, दोन मुले वाढवली आणि मामंजींच्या त्या एका शब्दाचा राग मनात जपून ठेवला. पुढे साठीच्या घरात आल्यावर खरेखुरे खुराडे शोधण्यासाठी मी उन्हातान्हात चार वाड्या पालथ्या घालणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

ह्यांच्या आत्याची दापोली तालुक्यात चौदा गुंठे जागा. कौलारू घर, आड, एक फणस आणि मागे पोफळीची बाग. आत्या गेल्या, घर बंद पडले, आणि ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आले. श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलेल्या त्या वादळाने दापोली-मंडणगडच्या बागाही झोडपून काढल्या. आमच्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. जेथे ऊन जमिनीला शिवत नव्हते तेथे लख्ख मोकळे रान झाले. दुसरा कोणी असता तर हळहळला असता. हे निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते, त्यांना त्या मोकळ्या रानात भाजीचे वाफे दिसू लागले.

२०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही तेथे बिऱ्हाड हलवले, पण माझ्या एका अटीवर. डोंबिवलीची जागा विकायची नाही, अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने द्यायची. करार संपला की काय ते ठरवू. कारण मला गावातल्या रात्रीची भीती वाटे. डोंबिवलीला आमच्या दाराला लॅच, कडी आणि साखळी असे तीन पहारेकरी होते, आणि अंथरुणाला पाठ टेकल्यावरही पुन्हा एकदा उठून ते तिन्ही चाचपून आल्याशिवाय मला झोप येत नसे. गावात पाहावे तर माणसे ओटीवर निजलेली आणि दारे सताड उघडी. "वयनी, चोरायचा काय हाय हितं?" असे शेजारच्या आजी मला विचारीत. मी पहिले चार महिने कड्या लावीत राहिले, मग हळूहळू माझीही ती सवय ढिली पडत गेली. हे मुद्दाम सांगते आहे. पुढे त्याचा संबंध आहे.

कोंबड्यांची कल्पना ह्यांचीच. गाय झेपणार नाही, तेव्हा कोंबड्या तरी हव्यातच, असा ह्यांचा हिशेब. आमच्याकडे अंडे चालते, कोंबडी चालत नाही. म्हणजे अंडे कोठून येते याचा विचार आम्ही कधी करीत नसू. हे जन्मभर ड्रॉइंगच्या टेबलावर बसलेले ड्राफ्ट्समन. त्यांनी फोनवरच पाचपन्नास खुराड्यांची चित्रे पाहिली आणि एक मागवले. दोन खोक्यांतून ते आले, सोबत एक इवलासा पाना. पिवळसर हलके लाकूड, हिरवे छप्पर, एका बाजूला जिना, खाली ओढून काढायचा ट्रे, आणि दाराला फिरवायची एक लाकडी खिटी. बाहुलीच्या घरासारखे ते गोजिरवाणे प्रकरण ह्यांनी फणसाखाली उभे केले आणि शेजारच्या आजींकडूनच पाच गावठी कोंबड्या घेतल्या.

आजी पाहायला आल्या. त्यांनी लाकडावर बोटाची टिचकी मारली, जाळी दोन बोटांनी चिमटीत धरून ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "खोका ब्येस हाय. पन वयनी, ह्याला भितीच नायत!"

हे हसले. मीही हसले.

दोन महिने काही झाले नाही. आणि या दोन महिन्यांत माझेच काही तरी झाले. तिन्हीसांजेला कोंबड्या आपण होऊन घरी येतात हे मला ठाऊक नव्हते. अंधारात त्यांना फारसे दिसत नाही, म्हणून उजेड उतरू लागला की त्या एकेक करीत येतात, जिन्याशी थोडी भांडाभांडी करतात आणि दांडीवर ओळीने बसून अगदी हलक्या आवाजात कुरकुरतात. ती कुरकुर ऐकत मी तेथे उभी राहायची. पाच मोजायच्या, खिटी फिरवायची. ज्या वेळेला मला एरवी सर्वांत जास्त भीती वाटे, नेमक्या त्याच वेळेला मला एक काम मिळाले होते.

माघातली गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास मुलाचा फोन आला. नातवाला ताप होता. एका हातात फोन, दुसऱ्यात दाण्यांची वाटी. मी खुराड्याचे दार पायाने लोटले आणि मागाहून येऊन खिटी फिरवू म्हणून बोलत बोलत घरात आले. मग तापाचे बोलणे झाले, भात लावला, जेवणे झाली, दिवे मालवले.

सकाळी ह्यांचा आवाज ऐकू आला, "अगं, तू इकडे येऊ नकोस." अर्थात मी गेलेच. फणसाखाली पिसांचा सडा पडला होता. तीन कोंबड्या मरून पडलेल्या, त्यांतल्या दोन तर खाल्लेल्याही नव्हत्या. चौथीचा पत्ता नव्हता. पाचवी, काळी, आडाच्या रहाटावर जाऊन बसली होती आणि हाक मारली तरी मान वळवीत नव्हती.

आजींनी येऊन पाहिले. "मुंगूस न्हवं. मुंगूस दिसाचा चोर. ह्यो बाऊल." बाऊल म्हणजे रानमांजर. कोंडलेल्या जागेत पक्षी नुसते फडफडत राहतात, पळून जाऊ शकत नाहीत. त्या फडफडीने ही जनावरे पोट भरल्यावरही मारीत सुटतात. जाळीचा एक कोपरा खिळ्यांतून उचकटलेला होता. हे गुडघ्यांवर बसून तो पुन्हा पुन्हा पाहत होते. "येथून शिरला आणि दाराने बाहेर गेला," ते म्हणाले. "माझीच चूक. चित्र पाहून घर घेतले मी."

मी गप्प उभी राहिले. कोपरा उचकटलेला होता हे खरे; पण बाऊल त्या कोपऱ्यातून आलाच असे नाही, हे मला माहीत होते. ह्यांना ते मी आजतागायत सांगितलेले नाही. दिवाळी अंक घरी आला की प्रथम हेच वाचतात, तेव्हा आता कळेलच.

त्या रात्री हे म्हणाले, "तुझे मन नसेल तर आपण परत जाऊ. भाडेकरूंना सांगता येईल." मनातून मी केव्हाच ट्रंका भरायला घेतल्या होत्या. पण पडवीत डालग्याखाली काळी बसली होती, वर दगड ठेवला होता, आणि तिचा आवाज येत नव्हता. मी म्हटले, "आधी हिची सोय लावू. मग जाऊ."

काळीने पुढे महिनाभर अंडे दिले नाही. तो महिना मी मुलीसाठी स्थळे पाहावीत तशी खुराडी पाहण्यात घालवला.

पहिले स्थळ आजींचेच. त्यांच्या नऊ कोंबड्या दोन डालग्यांखाली पडवीत निजत. बांबूच्या विणीतून वारा खेळतो, माणूस हाकेच्या अंतरावर असतो, खर्च नाही. सगळ्यांत सुरक्षित पद्धत हीच, असे मी अजूनही म्हणेन. पण पहाटे चारला कोंबडा उशाशी आरवतो, आणि कोंबड्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसाच्या अंगावर येतात. मला तेवढे गावकरी होणे जमेना.

दुसरे वरच्या वाडीतले. चारी बाजूंनी जांभ्या दगडाचे चिरे, वर फरशी, आणि ताटाएवढे एक फळीचे दार. तिजोरीच म्हणा ना. मी कौतुकाने आत डोके घातले आणि डोळ्यांत पाणी घेऊनच बाहेर काढले. विष्ठेतून जो अमोनिया सुटतो त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. घरमालक अभिमानाने म्हणाले, "पंचवीस वर्षांत एक कोंबडी चोरीला गेली नाय." थोड्या वेळाने म्हणाले, "मरतात त्या आपल्या आपणच."

तिसरे तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात. लोखंडी पिंजरा, जाळीही मजबूत, दारही मजबूत. पण ह्यांनी शहाणपणा केला. त्याच दुकानातून वर्षापूर्वी नेलेला पिंजरा कोणाकडे आहे ते विचारले आणि तो पाहून आलो. खाऱ्या वाऱ्याने खालचे सांधे गंजून पापुद्रे सुटले होते, आणि तळाला जाळीच असल्याने कोंबड्यांच्या पायांच्या तळव्यांना चिरा पडल्या होत्या. उन्हाळ्यात तो पत्रा तापतो किती, ते वेगळेच.

म्हणजे स्थळे सगळी चांगली, पण प्रत्येकात एक खोट. तेव्हा मग ह्यांनी कागद पसरला. यावेळी मात्र मी शेजारी बसले.

आजींनी शिकवलेली एक गोष्ट त्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मी लिहून ठेवली होती. खुराड्यावर येणारा प्रत्येक पाहुणा आपापल्या वाटेने येतो. मुंगूस दिवसा येते, उकरते आणि अरुंद फटीतून अंग चोरून शिरते. घूस खालून बीळ पोखरून वर निघते. कुत्रे अंगाच्या जोराने मोडून येते. बाऊल सैल जागा शोधतो. कांडेचोर झाडावरून छपरावर उतरतो आणि कौल सरकवतो. नाग-धामण अंड्यांसाठी आणि पिलांसाठी येतात, त्यांना बोटभर फट पुरते. घार आणि शिक्रा आभाळातून. आणि आमच्या भागात बिबट्याही फिरतो. त्याच्यापुढे खुराडे काय आणि गोठा काय, फक्त भक्कमपणा आणि घराजवळची जागा एवढेच हाती असते. तेव्हा 'मजबूत खुराडे' असे मोघम म्हणून चालत नाही. कोणासाठी मजबूत ते विचारावे लागते.

वाडीतल्या एका तरुणाने फासकी लावून द्यायची तयारी दाखवली. हे नको म्हणाले. मुंगसाला मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, शिवाय त्याच मुंगसाच्या जिवावर आपल्या वाफ्यांतले उंदीर आणि अंगणातले साप आटोक्यात राहतात. मला मात्र त्या दिवसांत कायद्याचे फारसे प्रेम वाटत नव्हते, हे कबूल करते.

जाळी घ्यायला आम्ही दापोलीला गेलो, आणि माझ्या ज्ञानात मोठीच भर पडली. आमच्या मोडक्या खुराड्याला होती ती षटकोनी विणीची, जिला सगळे मुर्गीजाळी म्हणतात. इंग्लंडात नॉरिच गावच्या चार्ल्स बर्नार्डने १८४४ मध्ये कापड विणण्याच्या यंत्रावरून ती जाळी बेतली म्हणे. कापडाचेच ते भावंड. कोंबडीला आत ठेवायला पुरते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवायला पुरत नाही. दाताने, पंज्याने ती ओरबाडून निघते. हवी ती चौकोनी, सांध्यासांध्याला डाग दिलेली, अर्ध्या इंचाच्या घराची. दुकानदाराने विचारले, "किती गेज?" मी आपली ठसक्यात म्हणाले, "जास्तीत जास्त." त्याने बावीस गेजची काढून दाखवली, शेवयांसारखी. हे तोंडावर रुमाल धरून हसत होते. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे मला कोणी सांगितले होते? आम्ही सोळा गेजची घेतली. दुप्पट पैसे पडले. त्या मानाने ते बाहुलीचे घरही काही स्वस्तात आले नव्हते, हे आठवून मी पर्स उघडली.

चैत्र-वैशाखात काम झाले. जागा बदलली, फणसाखालून काढून स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आणले, म्हणजे झाडावरून कोणी छपरावर उतरायला नको आणि रात्री काही खुडबुडले तर मला ऐकू यावे. चार फूट रुंद, सहा फूट लांब, दोन फूट उंचीच्या जोत्यावर. कमरेएवढ्या भिंती चिऱ्याच्या, त्यावर दोन बाजूंना जाळी, वर कौले आणि कौलांच्या खाली पुन्हा जाळी. जोत्याभोवती जमिनीत दीड फूट रुंदीची जाळी बाहेरच्या अंगाला आडवी पसरून वर माती लोटली. उकरणारे जनावर भिंतीला चिकटूनच उकरते. खाली जाळी लागली की मागे सरकून पुन्हा सुरुवात करावी एवढी अक्कल त्याला सहसा सुचत नाही. आत अडीच फुटांवर एक गोल गुळगुळीत दांडी, त्याच्याहून खाली अंडी घालायला दोन खोकी. दांडीपेक्षा खोकी वर ठेवली तर कोंबड्या खोक्यांतच निजतात आणि अंडी घाण करतात. तळाला चार बोटे भाताचे तूस.

एका बाबतीत मी हट्ट धरला. हे छप्पर चार फुटांवर आणणार होते, सामान वाचावे म्हणून. मी म्हटले, मला आत उभे राहून झाडता आले पाहिजे. जेथे झाडणारीला वाकावे लागते तेथली झाडलोट चार दिवसांत बंद पडते. हा अनुभव मोरीतला आहे, पण खुराड्यालाही लागू पडला.

दुसरा हट्ट कडीचा. दाराला वर एक लोखंडी कडी आणि खाली एक आकडा. हे म्हणाले, "एक पुरे की. आता भिंती चिऱ्याच्या आहेत." मी म्हटले, "दोन." ह्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मग न बोलता दुसऱ्यासाठी भोक पाडायला घेतले. कदाचित त्यांना तेव्हाच कळले असेल.

काम झाल्यावर आजींनी परीक्षा घेतली. अमावास्येच्या आसपासची रात्र. आजींनी खुराड्यात कंदील ठेवायला लावला आणि बाहेरचे सगळे दिवे मालवायला सांगितले. अंधारात खुराडे आकाशकंदिलासारखे उजळले, आणि जाळी सोडून जेथे जेथे फट होती तेथून उजेडाची रेघ बाहेर आली. दाराखाली एक, कौल आणि भिंत यांच्या सांध्यात तीन, आणि गवंड्याने छातीठोकपणे पक्की म्हणून सांगितलेल्या कोपऱ्यात चक्क अंगठा जाईल एवढी एक. आम्ही दोघे खडू घेऊन खुराड्याला प्रदक्षिणा घालीत होतो आणि आजी जोत्यावर बसून मशेरी लावीत होत्या.

काळी आणि आजींकडच्या सहा तलंगा नव्या घरात गेल्या. मृगाचा पाऊस सुरू झाला, आणि पश्चिमेचा झोत जाळीतून आत येऊ लागला. ह्यांनी घाईने ती बाजू प्लास्टिकने बंद केली. दोन दिवसांत तुसाचे ओले गठ्ठे झाले, आत तोच डोळे झोंबणारा वास, आणि एक तलंग नाकातून सूं सूं करू लागली. पाऊस अडवायचा पण हवा अडवायची नाही, ही कोकणातली खरी गोम. आजींनी नारळाचे झाप विणून दिले. ते जाळीपासून वीतभर दूर, तिरपे टांगले. पाणी खाली निथळते, वारा बाजूने येतो. तूस दर दोन दिवसांनी खालीवर करायचे. तलंग चार दिवसांत बरी झाली. सत्तर रुपयांचे प्लास्टिक हे अजून जपून ठेवतात, कशाला ते विचारू नका.

आषाढात एका पहाटे खुराड्याच्या मागच्या अंगाला माती उकरलेली दिसली. भिंतीला अगदी लागून, तीन ठिकाणी. तिन्ही ठिकाणी जाळी उघडी पडली होती आणि तिच्यावर चिखलाचे ओरखडे होते. कोण आले होते कोणास ठाऊक. आत सातही कोंबड्या दांडीवर, आणि काळी दाराकडे तोंड करून. मी कडी काढली, आकडा काढला. हातपाय थरथरत होते, पण भीतीने नव्हे.

श्रावणात काळी खुडूक बसली. आजींनी तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी सात पिले निघाली. त्यांतले एक घारीने माझ्या देखत नेले, मी हातातला झाडू फेकून मारला तो आडात पडला.

आश्विन लागला आणि डोंबिवलीच्या भाडेकरूंचा निरोप आला. करार संपत होता. पुढे राहायचे की जागा सोडायची ते कळवा म्हणून. हे फोन हातात धरून ओटीवर उभे होते. मी तिन्हीसांजेची मोजणी करीत होते, सात मोठ्या आणि सहा लहान, मध्येच एक पिलू आईखाली शिरले म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

"अगं, त्यांना काय सांगू?"

मी वरची कडी लावली, खालचा आकडा लावला, दोन्ही एकदा ओढून पाहिले.

"राहा म्हणावे अजून अकरा महिने," मी म्हटले. "आणि उद्या दापोलीला जाल तेव्हा अर्ध्या इंचाची जाळी आणा आठ फूट. पिलांच्या अंगणाला वरून घालायची आहे. सोळा गेज सांगा हं, बावीस नव्हे."